शून्य नंबरची खोली

मी अ‍ॅरे बोलतोय. रागाने बोलतोय, हे आधीच सांगतो.

श्रीवर्धनजवळच्या एका कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरवर माझा जन्म झाला. वाड्यातली प्राप्ती कॉलेजात सी भाषा शिकते. तिने एका ओळीत मला जाहीर केलं: int hodi[6], म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या सहा खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एकच आकडा. वाड्याच्या होड्या सहा. ज्या होडीवर जितकी माणसं, तितका आकडा तिच्या खोलीत. होडी किनाऱ्याला लागली की तिथे शून्य भरायचं. सगळ्या खोल्यांची बेरीज म्हणजे अजून समुद्रात असलेली माणसं. काम लहान नव्हतं. मला अभिमान वाटला.

पण माझ्या खोल्यांचे नंबर शून्यापासून लागतात. शून्य ते पाच. प्राप्तीने धरले एक ते सहा! शून्य नंबरची खोली तशीच सोडली, आधीच्या कुणाचा तरी कचरा तिच्यात पडून होता. आणि सहाव्या होडीची चार माणसं तिने माझ्या भिंतीबाहेर ढकलली, शेजारच्या ‘एकूण’च्या घरात, जिथे बेरीज ठेवायची असते. सी भाषा अशा वेळी हात धरत नाही, आणि मला तर ओरडताही येत नाही. बेरजेला बसताना तिने ‘एकूण’ शून्य केलं. झालं, चार माणसं पुसली गेली.

पहिल्याच दिवशी एकवीस माणसं समुद्रात गेली. पडदा चौतीस म्हणाला: पाच होड्यांची सतरा, आणि सहावी खोली समजून ‘एकूण’ स्वतःतच पुन्हा मिळवलं गेलं. कोणी थांबून विचारलं का? आकडा दिसतोय ना, बस्स!

दुपारी वारा फिरला. होड्या भराभर परतू लागल्या. प्राप्ती शून्य भरत गेली. शेवटी पडद्यावर आलं, ‘समुद्रात माणसं: 0’. लोक दोर गुंडाळून घरी निघाले.

तेवढ्यात नीराबाई धापा टाकत आली. सहावी होडी तिच्या मुलाची, धर्माची.

“सगळे आले, मावशी. कॉम्प्युटर शून्य दाखवतोय,” प्राप्ती म्हणाली.

“मंग माझा धरम्या कुटं हाय? तुझ्या पेटीत लपलाय व्हय?”

नीराबाईने तिचं मनगट धरलं, ओढत बाहेर नेलं आणि बोटाने होड्या मोजल्या. “लाभ, दोन, तीन, चार, पाच...” इथल्या बायका मासळी मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पाचावर तिचं बोट थांबलं.

प्राप्तीचा चेहरा उतरला. “पहिल्याला एक म्हणायचंच नसतं, शून्य म्हणायचं असतं,” ती पुटपुटली.

शेजारच्या निकेशने तशीच आपली होडी पुन्हा पाण्यात लोटली. इकडे प्राप्तीने मला दुरुस्त केलं. दोन आकडे बदलले, एवढंच! एवढ्याशा कामासाठी चार जीव टांगणीला लागले होते.

उन्हं कलताना निकेश धर्माची होडी ओढत घेऊन आला. इंजिन बंद पडून ती खडकांकडे वाहत चालली होती. चौघेही भिजलेले, पण धड.

“काय गं,” वाटेत निकेशकडून सगळं ऐकलेला धर्मा हसला, “मला बसल्या जागी बुडवलंस व्हय?”

“दादा, कॉम्प्युटर चुकला.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चुकलो? जे माझ्या हाती दिलंच नाही, ते मी सांभाळायचं?

“त्याला त्वांड न्हाय म्हणून त्याच्यावर ढकलतीस व्हय गं?” नीराबाई कडाडली.

प्राप्तीने मान खाली घातली. म्हणाली, “न्हाय मावशी. मी चुकले.”

आता ती प्रोग्राम बंद करील आणि मी पुसला जाईन. उद्या तुम्ही दुसरा अ‍ॅरे जाहीर कराल. करा. पण त्याच्यात माणसं ठेवणार असाल, तर पडद्यावर काहीही दिसो, दारात आलेल्या आईला आधी विचारा.