पट वाकला नव्हता

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला. ओल्या कागदाइतका पातळ, तरी दहा थरांचा. कोरियातल्या मोकपो बंदरात लाकडी होड्या बांधून म्हातारे झालेले योम चांग-ह्वान यांचा उजवा डोळा हे माझं घर. मित्रांनो, बुबुळावर लोक गाणी रचतात. मोतीबिंदू काढून आणला की शेजारी फळांची पेटी घेऊन भेटायला येतात. माझ्यावर कुणी ओळही लिहिलेली नाही. जन्मभर उलटी पडणारी चित्रं मी झेलायची आणि शाबासकी चष्म्याला.

योमसाहेबांचा जीव बादुक या खेळाच्या पटात. एकोणीस उभ्या रेघा, एकोणीस आडव्या, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि समोर मिन सोक-जू हा जुना मित्र. पट बिजा नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाचा, सासऱ्यांनी दिलेला. या लाकडाची ख्याती अशी, की चीर गेली तरी घाबरायचं नाही. कागदात गुंडाळून सावलीत ठेवायचं. दोन-तीन वर्षांत चीर आपोआप मिटते, आणि मालक तो वण पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवतो.

एका हिवाळ्यात माझ्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या आणि पाझरू लागल्या. पाणी मुरलं की फरशी फुगते, तसा मी मधोमध फुगलो. योमसाहेबांनी जुन्या सवयीनं डावा डोळा मिटून पटावरून नजर टाकली. रेघा वाकलेल्या.

"पटाला पोक आलंय," ते म्हणाले.

मिननं पटावरून तळवा फिरवला. "तुला आलं असेल. पट सपाट आहे."

"मला शिकवू नकोस. जन्मभर फळ्या याच डोळ्यानं पारखल्यात."

"म्हणूनच तुझ्या होड्या डावीकडे जायच्या, लेका."

मला ओरडायचं होतं. पण मला दुखण्याची सोयच दिलेली नाही. दाताला दिलीय, करंगळीला दिलीय; ज्याच्यावर सगळं जग उमटतं त्याला नाही. त्यात डावा डोळा इतका सोशीक, की एरवी माझी सगळी चूक पोटात घाली. असा सांभाळून घेणारा शेजारी वैऱ्यालाही मिळू नये.

पट कागदात गुंडाळून मागच्या खोलीत गेला. लाकूड आपलं आपण सरळ होणार होतं.

"अहो, डोळे दाखवून या," बायको ओक-बुन म्हणाल्या.

"लाकडाला वेळ द्यावा लागतो."

"मी डोळ्यांचं म्हणतेय."

"मी पटाचं."

लाकूड सावलीत विसावलं होतं आणि मी पाण्यात. पाण्याचं रक्त झालं, रक्ताचा वण झाला. थरांवर थर चिकटले. पुढच्या वर्षी वसंतात पटाचा कागद सोडला, तेव्हा साहेबांनी पुन्हा डावा डोळा मिटला आणि त्यांचा आवाज चढला. "मधली घरं कुणी पुसली?"

ओक-बुननी नेमकं मधल्या घरावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

साहेबांना मनगट दिसलं. बोट दिसलं नाही. त्यांनी मिटलेला डोळा उघडला, पुन्हा मिटला. मग कोट घातला.

डॉक्टरांनी माझा आडवा छेद संगणकाच्या पडद्यावर दाखवला. जिथे छानसा खळगा असायचा तिथे टेकाड, त्याच्या पोटात पांढरा वण. माझा पहिला फोटो, तोही माझं मधलं अंग मेल्यावर.

"थोडं थांबलो तर आपोआप भरून येईल?" साहेबांनी विचारलं.

"थांबलात तेच नडलं, आजोबा. उजव्याचा मधला भाग गेला. डाव्यात आता सुरुवात आहे. त्याला सुई आजच देऊ."

सुईनंतर डाव्यावर पट्टी बसली. बाकावर बसलेल्या साहेबांना तासभर माझ्याखेरीज कुणी नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मी होतं नव्हतं ते सगळं दिलं: पांढरे केस, दोन्ही कान, हातातला चहाचा पेला. मध्ये राखाडी डाग.

"तुझा चेहरा दिसत नाहीये."

"आहे तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "चिडलेला आहे, एवढं समजा."

साहेब त्या डागाकडे बघत राहिले. मी काही करू शकलो नाही.

मित्रांनो, घरातल्या थोरांना आज एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघायला सांगा. मग दुसरा झाकून. मी आतून हाक मारणार नाही, मला ते येत नाही. चौकट वाकडी दिसली, तर कृपा करून सुताराला बोलावू नका.