स्टेपनीची जागा

"काका, पिकअप मागं घ्या. फ्रेममध्ये येतंय."

सुनीलनं एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं हवा ढकलल्यासारखी केली. अंगदनं रिव्हर्स टाकला. शिर्डीच्या त्या हॉटेलच्या आवारात लाल गाडीला टेकून तरुण पुढारी रविराज उभा होता. गळ्यात नुकतीच पडलेली शाल होती, कपाळावर उदी होती आणि तोंडात च्युइंगम होतं. व्हिडिओ सुरू झाला की जबडा थांबायचा, संपला की पुन्हा सुरू व्हायचा.

"अजून मागं. ते स्टेपनीचं चाक दिसतंय."

अंगदनं पिकअप पार कचराकुंडीपर्यंत नेली. शिळ्या हारांचा कुबट वास काचेतून आत आला. हौद्यात दोरखंडानं बांधलेलं चाक आता कुणाला दिसत नव्हतं. त्या चाकासाठीच तो आणि पिकअप महिनाभर लाल गाडीच्या मागं फिरत होते.

लाल गाडी दोनच माणसांची. कारखान्यातून आली तेव्हा तिला वेगळ्या जातीचे टायर होते. त्यांच्या बाजूच्या भिंती एवढ्या जाड, की हवा गेली तरी गाडी त्या भिंतींवरच उभी राहायची आणि सावकाश पुढच्या गावापर्यंत जायची. म्हणून गाडीत स्टेपनी नाही. स्टेपनी ठेवायला खळगाच नाही. पण ते टायर कडक. जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रविराजची कंबर धरायला लागली. त्यातले बरेच रस्ते त्याच्याच घराण्याच्या फर्मनं केलेले होते, पण याबद्दल कुणी बोलत नसे. त्यानं चारही टायर काढून साधे, मऊ बसवले. काढलेल्या टायरांना पिवळा रंग देऊन फार्महाऊसवर त्यांत शेवंती लावली.

मग कुणीतरी म्हणालं, आता पंक्चर झाली तर? रविराजनं पुण्याहून एक जादा चाक मागवलं. ते ठेवायचं कुठं?

"शेजारच्या सीटवर ठेवता यील की," अंगद म्हणाला होता. "पट्टा लावायचा."

रविराज एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, इटालियन लेदर आहे ते. टायर ठेवायचं त्याच्यावर? तुम्ही आणा की पिकअपमधून. तसंही तुम्हाला आता काय काम असतं?"

हे मात्र खरं होतं. थोरले काकासाहेब, म्हणजे रविराजचे वडील, गेल्यापासून अंगदला तसं काम नव्हतं. काकासाहेबांच्या जीपवर त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली. पावसात जीप चिखलात रुतली, की काकासाहेब धोतर खोचून स्वतः खाली उतरायचे आणि शिव्या देत देत चाकाखाली दगड सारायचे. शिव्या अंगदलाही असायच्या. पण दगड दोघं मिळून लावायचे.

आज मात्र अंगदला काम होतं, आणि ते रविराजचं नव्हतं. आज नेवाशाला त्याच्या भाचीचं, ज्ञानेश्वरीचं, दुपारचं लग्न होतं. पोरीला बाप नाही. बोहल्यावर तिला हात धरून आणायचं आणि मंगलाष्टका होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मामाचा मान. मामा अंगद एकटाच. पिकअपच्या केबिनमध्ये बांधून तयार केलेला गुलाबी फेटा खोक्यात होता, आहेराच्या हिरव्या साडीची पिशवी होती, आणि खिशात पत्रिकेबरोबर आलेल्या कुंकवाच्या अक्षतांची पुडी होती.

त्यानं आठवड्यापूर्वीच सुट्टी मागितली होती. रविराजनं त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. "सुट्टी कशाला? मी येणारच आहे लग्नाला. पत्रिकेत नाव आहे माझं. शिर्डी करून बरोबरच जाऊ."

पत्रिकेत नाव होतं, आणि ते अंगदच्या बहिणीनं, राहीबाईनंच घातलं होतं. नवऱ्यामुलाच्या नावाच्याही वर, 'प्रमुख उपस्थिती' म्हणून. "अण्णा, तू त्यांच्याकडं हायेस म्हनून तर येत्यात," बहीण फोनवर म्हणाली होती. "सासरच्यांपुढं पोरीची मान ताठ राहील."

म्हणून अंगदनं पुन्हा सुट्टी मागितली नाही.

श्रीरामपूर सुटल्यावर लाल गाडी पुढं निघून गेली. पिकअपनं तिला गाठायचं म्हणजे बैलानं घोड्यामागं धावायचं. हंगाम अजून चालू होता. रस्त्यावर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चिरडून काळा झाला होता, त्यावर माश्या होत्या. टाकळीभान ओलांडलं आणि थोड्याच अंतरावर ती दिसली. एका बाजूला कलून, शेपटीवर पाय पडलेल्या जनावरासारखी रस्त्याच्या कडेला बसली होती.

"किती वेळ लावता, काका!" रविराज ओरडला. "बघा काय झालंय."

मागचं डावं चाक खड्ड्यात आपटलं होतं. टायरची बाजू हातभर फाटली होती. फाटल्यावरही गाडी तशीच दामटलेली दिसत होती. रबर रिमखाली रगडून त्याचा भुगा झाला होता. जळक्या रबराचा वास अंगदच्या घशात बसला. त्यानं नवा पांढरा सदरा काढून केबिनमध्ये टांगला आणि बनियनवर गाडीखाली जॅक सरकवला. चाक निघालं. मग त्यानं हौद्यातलं चाक उतरवलं. महिनाभर तो ते रोज पुसत होता. जागेवर बसवायला गेला, तर ते आतल्या ब्रेकला घासून अडलं. त्यानं फिरवून पाहिलं. पुन्हा अडलं.

तेव्हा कुठं त्यानं दोन्ही चाकं शेजारी शेजारी उभी केली. फाटलेलं चाक चांगलं चार बोटं रुंद होतं आणि उंचीलाही जास्त होतं.

"दादा, ह्ये पुढचं चाक हाय. मागं बसायचं न्हाई."

"म्हणजे? पुढची-मागची वेगळी असतात?"

"ह्या गाडीची असत्यात असं दिसतंय."

"मग तुम्ही बघितलं नाही? रोज पुसता ना?"

अंगदनं खरंच बघितलं नव्हतं. मागवणाऱ्यानं बघितलं नव्हतं, पुसणाऱ्यानंही बघितलं नव्हतं. तिघंजण त्या चाकाभोवती उभे राहिले. ते ऊन पडून चकाकत होतं.

रविराजनं नगरला फोन लावला. गाडी उचलून न्यायला वाहन निघेल, पण वेळ लागेल. मग त्यानं घड्याळ पाहिलं, तोंडातलं च्युइंगम काढून फाटलेल्या टायरला चिकटवलं आणि टिश्यूनं बोटं पुसली.

"मुहूर्त चुकायला नको. काका, पिकअपची चावी द्या. मी आणि सुनील पुढं होतो."

"आन् मी?"

"गाडीपाशी कुणीतरी पाहिजे ना."

"सुनीलला थांबवा की, दादा. मामा हाय मी. पोरीला मीच आननार हाय."

"मी थांबलो तर शूट कोण करणार?" सुनील म्हणाला.

"मग कुलूप लावा. चाक न्हाई त्या गाडीला. कोन नेतंय?"

"गाडी नाही नेत, काका. आरसे नेतात, दिवे नेतात. लोक कसे असतात ते तुम्हाला माहीत नाही का?" रविराजचा हात पुन्हा खांद्यावर आला. सेंटचा गोड, दाट वास आला. "असं करू, मी तिथं पोचतो आणि लगेच कुणालातरी तुमच्यासाठी मोटरसायकल घेऊन पाठवतो. तो गाडीपाशी बसेल, तुम्ही या. माझी जबाबदारी."

चावी दिली गेली. अंगदला नंतर आठवून पाहिलं तरी कळेना, ती आपण हातात ठेवली की त्यानं घेतली. पिकअप दिसेनाशी झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, फेटा, साडी आणि सदरा केबिनमध्येच राहिला. पँटच्या खिशात अक्षतांची पुडी तेवढी होती.

मोटरसायकल आली नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या मोटरसायकली थांबत मात्र होत्या. पोरं गाडीबरोबर फोटो काढत होती. बनियनवरच्या अंगदला ती बाजूला व्हायला सांगत होती. एकानं विचारलं, "मामा, ॲव्हरेज किती देती?"

"उभीच हाय," अंगद म्हणाला.

मग राहीबाईचा फोन आला. पाठीमागं लाऊडस्पीकर गरजत होता.

"अण्णा, कुठं हायेस रं? दादा आले बघ! पिकअपमधून आले! समदे उठून उभं ऱ्हायले. व्याही म्हनत्यात, एवढा मोठा मानूस, पन गरिबाच्या लग्नाला पिकअपमदी बसून आला!"

"राहे, त्यांनी कुनाला पाठवलं का मला आनायला?"

"कुनाला पाठवनार? सत्कार चाललाय त्यांचा. तू कुठं हायेस पन?"

"टाकळीभानच्या फुडं. त्यांच्या गाडीपाशी."

पलीकडं लाऊडस्पीकरवर कुणीतरी दादांच्या साधेपणाविषयी बोलत होतं. नारळ, शाल, फेटा. मग दुसऱ्याचा नारळ, दुसरी शाल. मग खुद्द दादांचं मनोगत.

"मग ये की!" ती एकदम रडवेली झाली. "सोड ती गाडी! काय खातीय का कोन तिला?"

"येतो. भाषनं हुईस्तोवर थांबवून धर. आलोच."

तो रस्त्यावर आला आणि हात करू लागला. एक टेम्पो निघून गेला. उसाची ट्रॉली निघून गेली. एक मोटरसायकलवाला थांबला, पण तेवढ्यात लाल गाडीच्या बॉनेटवर बसून फोटो काढणाऱ्या पोरानं आरसा धरून ओढला आणि अंगद सवयीनं "ए, उतर!" म्हणून मागं धावला. परत येईपर्यंत मोटरसायकलवाला गेलेला होता. आपल्या पायांची अंगदला शिसारी आली. तो रस्त्यात उभा राहून पायांकडं बघत राहिला.

फोन अजून चालूच होता. आता माइकवर दुसरा आवाज होता, घाईतला: "उशीर झालेला आहे. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावे. मुलीचे मामा... मुलीचे मामा कुठं आहेत?" एवढा वेळ शालींसाठी थांबलेला मुहूर्त आता कुणासाठी थांबणार नव्हता. गलका झाला. मग तोच आवाज, पण खुललेला: "मामांच्या अनुपस्थितीत, मंडळी, आपले लाडके रविराजदादा स्वतः..." टाळ्या पडल्या. फोन कट झाला.

पुढचं त्यानं सुनीलच्या स्टेटसवर पाहिलं. रविराज ज्ञानेश्वरीचा हात धरून मंडपातून चालत होता. सत्कारात मिळालेला फेटा कुठं गेला कोण जाणे. त्याच्या डोक्यावर अंगदचा गुलाबी फेटा होता. पोरगी खाली मान घालून चालत होती. बोहल्याच्या पायरीशी तिनं एकदा मागं वळून दाराकडं पाहिलं. तिथं व्हिडिओ कापला होता. पुढच्या चित्रात रविराज हिरवी साडी राहीबाईच्या हातात देत होता. दोघांचंही तोंड कॅमेऱ्याकडं होतं. खाली लिहिलं होतं: 'पदापेक्षा नातं मोठं.'

अंगदनं फोन खिशात टाकला. तो रस्त्याकडेच्या ओहोळापाशी जाऊन थुंकला, पुन्हा थुंकला, तरी जळक्या रबराची चव जाईना.

गाडी उचलणारं वाहन आणि पिकअप एकदमच आले. रविराज उड्या मारत उतरला. हातात पत्रावळीचं पार्सल होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. बुंदीचा पाक आणि वरण एकमेकांत मिसळून पिशवीच्या कोपऱ्यात साचलं होतं.

"काका, फार छान झालं लग्न. तुमचं काम मीच केलं बरं का. आणि भाची तुमची, रडली हो! एवढं मन लावतात पोरी." त्यानं फेटा काढून अंगदच्या हातात दिला. कपाळाच्या जागी घामाचा पट्टा उमटला होता आणि त्याला सेंटचा वास होता. "लोकांना एवढं आवडलं! पिकअपमधून गेलो ते बरंच झालं."

अंगदनं पार्सल घेतलं नाही. फेटा चिमटीत धरून पिकअपच्या हौद्यात टाकला. केबिनमधला सदरा काढून अंगात घातला, शेवटच्या गुंडीपर्यंत लावला.

"चला, ती स्टेपनी तेवढी पिकअपमध्ये टाका," रविराज म्हणाला, "आणि निघू."

अंगदनं चाक उचललं. ते जड होतं. एवढा वेळ मातीत पडून त्याला माती लागली होती, उसाची चिपाडं चिकटली होती. तो पिकअपकडं गेला नाही. लाल गाडीचं अर्धवट उघडं दार त्यानं गुडघ्यानं सारलं आणि चाक शेजारच्या सीटवर ठेवलं, फिक्या रंगाच्या, बाळाच्या गालासारख्या मऊ चामड्यावर. मग पट्टा ओढून त्याच्याभोवती घेतला. खटका बसला.

"काका! सीट!" रविराजचा आवाज चिरकला. "काय करताय? डाग पडेल!"

"पट्टा लावलाय, दादा," अंगद म्हणाला. "हालनार न्हाई."

सुनीलनं मोबाइल वर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"पिकअप सुनील आनील. चावी तुमच्याकडंच हाय."

"आणि उद्या?" रविराजनं विचारलं. त्याला अजून नीट समजलेलं नव्हतं.

अंगद रस्त्याला लागला होता. श्रीरामपूरकडून एसटी येताना दिसली. त्यानं हात केला.

एसटीत बसायला जागा होती. शेजारची बाई लसणाची पिशवी मांडीवर घेऊन डुलक्या देत होती. खिशातून पैसे काढताना पुडी हाताला लागली. घामानं कागद भिजला होता, तांदूळ एकमेकांना चिकटले होते आणि कुंकू सुटलं होतं. त्याची बोटं लाल झाली.

कंडक्टरनं ती पाहिली.

"नेवासा? लग्नाला का?"

"व्हय."

"लागलं असंल की आता लग्न. जेवणंबी उरकली असतील." त्यानं तिकीट फाडलं. "कुनाकडनं तुमी? कोन लागता?"

अंगदनं पुडी परत मिटली, खिशात ठेवली, आणि लाल बोटांनी तिकीट घेतलं.

"मुलीचा मामा," तो म्हणाला.