निळ्या रंगाचे टवके

मी ज्वालामुखीवर काम करते, असं आई नागपुरात भेटेल त्याला सांगते. कसलं डोंबलाचं! इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका बेसमेंटमध्ये बसून मी गाळ चाळते. दूरच्या एका बेटावर ज्वालामुखी आहे, त्याच्या ओढ्यांचं पाणी बाटल्यांतून आणि गाळ पिशव्यांतून माझ्याकडे येतो. डोंगर जागा होऊ लागला की आधी वरच्या ओढ्यांचं पाणी आंबट होतं. खाली गाव आहे. ते रिकामं करायचं की नाही, हे आमच्या रिपोर्टवर ठरतं.

नमुने आणायला माझे बॉस जातात, स्टॅनमोरला राहणारे जयंतकाका. मला जाता येत नाही. व्हिसा वाढवायचा अर्ज पाच महिने पडून आहे, आणि तोवर देश सोडला की अर्ज बाद.

सोमवारी पाच जागांच्या पाच पिशव्या आल्या. पहिल्या चाळणीत निळ्या रंगाचे टवके निघाले. दुसरीत निघाले. पाचही पिशव्यांत तेच. निळा कठडा फक्त गावाजवळच्या पुलाला आहे, मी फोटोत पाहिलाय. बाटल्यांतलं पाणीही पाचही ठिकाणचं अगदी सारखं, गोड. माझं डोकंच फिरलं. तशीच वर गेले आणि पिशव्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"गुडघे गेलेत गं माझे," ते म्हणाले. "पुलापासून पुढे डोंगर चढताच येत नाही. तीन खेपा असंच चाललंय."

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत गप्प राहा, अशी त्यांनी विनवणी केली. टीममध्ये आम्ही दोघंच. हे बाहेर पडलं तर बेटाच्या सरकारचं कॉन्ट्रॅक्ट जाणार, त्यासोबत माझी नोकरी आणि व्हिसा. ते धमकी देत नव्हते, खरं तेच सांगत होते, म्हणून जास्त राग आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

दुपारभर मी रिपोर्टसमोर बसून होते. 'वरचे ओढे' या चौकटीत 'नॉर्मल' एवढंच लिहायचं होतं. आमच्या त्या एका शब्दावर विसंबून तिथली माणसं रात्री दारं लावून झोपतात. मला रडू आलं. मग लिहिलं, 'सगळे नमुने पुलाजवळचे आहेत, मागच्या तीन खेपांचे. वर काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही.' पाठवलं आणि वर जाऊन त्यांना सांगितलं.

ते उठले. कोट घातला, दिवा बंद केला. लिफ्ट नेमकी बंद होती. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले, तेव्हा मी हात पुढे केला. चौदा पायऱ्या उतरायला आम्हाला सहा मिनिटं लागली.