बाळंतिणीच्या सिरक्याचे मडके

मी मातीचे मडके बोलत आहे. फोशानच्या भट्टीत माझा जन्म झाला आणि ग्वांगचौमधील मोकबाईंच्या स्वयंपाकघरात माझ्या जन्माचे सार्थक झाले. पोलादी भांड्यांनी हे ऐकून खुशाल तोंड वाकडे करावे. बाळंतिणीचा सिरका त्यांच्या कुळाला मानवत नाही.

घरात सून गरोदर राहिली की माझ्या पोटात काळा गोड सिरका, म्हणजे तुमचे व्हिनेगर, आणि भरपूर आले पडते. काही उकळ्या दिल्यावर मला झाकून ठेवायचे आणि प्रसूतीपर्यंत मुरू द्यायचे. मूल जन्मले की त्यातच डुकराचे पाय व अंडी शिजतात. पहिली वाटी बाळंतिणीची, नंतरच्या शेजाऱ्यांच्या. वाटी दारी आली की बातमी पोहोचली.

मोकबाईंची सून रुइनिंग दूर उत्तरेकडील हार्बिनची. तिची आई, यूबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी दिवस भरण्याआधीच येथे राहावयास आल्या, त्या पिठाची पिशवी घेऊनच. बाळंतपणाचा महिनाभर लेकीला स्वतःच्या हातचे खाऊ घालावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मोकबाईंनी ती पहिल्याच दिवशी गोड हसून निकालात काढली.

"तुम्ही पाहुण्या. बसा, टीव्ही बघा. बाळंतिणीचं मी बघते."

"बसून बसून गुडघे धरतील हो माझे."

"मग सूप घ्या." मोकबाईंच्या मते जगातील सर्व दुखण्यांवर सूप हाच उपाय आहे.

"एवढ्याशा वाटीत? आमच्याकडे एवढ्या वाटीत मीठ ठेवतात."

"म्हणूनच तुमच्याकडे घरटी एकाचं ब्लडप्रेशर चढलेलं असतं."

अखेर रविवारची दुपार तेवढी यूबाईंच्या वाट्याला आली. त्या दिवशी त्या ज्याओझ करीत. पातळ पारीत सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा ना, सिरक्यात बुडवून खायच्या. मोकबाई शिष्टाचारापुरत्या दोन खात आणि "कणीक पोटात जड पडते" असे म्हणून उठत.

एका रविवारी यूबाईंची सिरक्याची बाटली संपली. मोकबाई मैत्रिणींबरोबर चहाला गेल्या होत्या. एकेक झाकण उघडीत यूबाई माझ्यापर्यंत पोहोचल्या. काळा रंग, आंबट वास, वर आल्याचे तुकडेही! त्यांनी समाधानाने पळीभर काढून घेतले. मी काय करणार? विधात्याने मडक्याला पोट दिले, तोंड दिले; जीभ देण्याचे मात्र राहून गेले.

त्या दुपारी मोकबाईंनी ताट रिकामे केले.

"विहीणबाई, आज चव काही औरच आहे!"

"सिरका तुमच्याच घरचा आहे."

"तरीच! आमच्या ग्वांगचौचा सिरकाच तसा."

पुढे दर रविवारी हेच घडू लागले. यूबाई माझ्यात पळी बुडवीत आणि मोकबाई वाटीत उरलेला सिरकाही पिऊन टाकीत.

रुइनिंगला मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा मोकबाईंनी घाईघाईने माझे झाकण उघडले. तळाशी आले उघडे पडले होते.

"सिरका कुठं गेला?"

यूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "तो... हा होता?" त्या खोलीत जाऊन बॅग भरू लागल्या. या घराच्या भिंती पातळ असल्यामुळे पुढील संभाषण मला स्पष्ट ऐकू आले.

"कुठं निघालात?"

"हार्बिनला. पोरीला एक घास भरवायला आले आणि तिच्याच तोंडचा संपवून बसले. आता कुठल्या तोंडानं चुलीपाशी उभी राहू?"

"अर्धा सिरका माझ्या पोटात गेलाय. सगळं श्रेय एकट्या का घेता? आणि एवढं आलं मी एकटीनं सोलू की काय? बाह्या सरसावा!"

नवा सिरका चढला. तो मुरलेला नव्हता, हे मला मान्य केलेच पाहिजे. वाटी तोंडाला लावताच शेजारणींना ठसका लागला. "उत्तरेकडची पद्धत आहे," मोकबाईंनी गंभीरपणे सांगितले आणि यूबाईंनी तितक्याच गंभीरपणे मान डोलावली.

आता मी शेगडीवर आहे आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोन विहिणी उभ्या आहेत.

"आच बारीक करा."

"आणखी किती बारीक? नात शाळेत जाईल तोवर शिजायचं नाही हे!"

"तुम्हाला सगळ्याचीच घाई. बाळंतिणीचं आहे, हॉटेलातलं नाही."

आतून रुइनिंग दोघींना गप्प बसावयास सांगते आणि आणखी एक वाटी मागते. ती कोणी न्यावी, यावर नवा वाद सुरू होतो. काल यूबाईंनी नेली. आजही त्यांचाच हात आधी पोहोचला.

सज्जनहो, माझी एकच विनंती आहे. या दोघींची समजूत घालण्यास कृपा करून कोणी येऊ नये. आच किती असावी याविषयी ज्या दिवशी त्यांचे एकमत होईल, त्या दिवशी चुलीपाशी एकच बाई पुरेल आणि हार्बिनचे तिकीट निघेल.