डबी दिव्याच्या गळ्यात

दिव्याच्या गळ्यात ती पांढरी पिशवी आली, त्या दिवसापासून देवकाबाईला घास गोड लागला नाही. पिशवी ती केवढी, तळहाताएवढी. तिच्यात सोनेरी डबी आणि डबीत परमप्रसाद, ख्रिस्ताचं शरीर मानतात ती पातळ भाकर. दर रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना संपली की तो प्रसाद घेऊन दिव्या आजाऱ्यांच्या घरी जाईल, असं फादरनी वेदीवरून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवकाबाईनंही वाजवल्या. दोन.

अकरा वर्षं ही आजारी माणसं तिची होती. कुणाची नखं काप, कुणाच्या पाठीला तेल लाव, कुणाची सून काय बोलली ते ऐकून पोटात ठेव, आणि निघताना हात धरून प्रार्थना म्हण. बहुतेक पायीच जायची. तिला कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कुणी काढूही शकणार नाही, असं ती धरून चालली होती.

"दिव्याच काऊन, फादर?" तिनं विचारलंही होतं.

"तिला पुस्तकातून विधी वाचता येतो, देवकाबाई. शिवाय स्कूटी आहे."

देवकाबाई चौथी शिकलेली. स्कूटीवर ती जन्मात एकदाच बसली होती, मागे, डोळे गच्च मिटून. कुडवा गावची ही दिव्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि एका हातानं ओढणी सावरत गाडी चालवायची. "बरं फादर," म्हणून देवकाबाई घरी आली आणि भांडी अशी घासली की एका गंजाचा कान तुटला.

त्यात मागचा रविवार. मुर्रीच्या फाट्यावर ती पायी चालली होती. मागून स्कूटी आली.

"दिव्या! वो दिव्या!"

पोरीनं नुसती मान हलवली आणि पुढे निघून गेली. थांबणं नाही, एक शब्द नाही.

"गळ्यात पिशवी आली का मान ताठ होते," देवकाबाई पानठेल्यासमोर मोठ्यानं म्हणाली. पानठेलेवाल्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली. देवकाबाई तिथूनच परत फिरली.

बाकीची घरं गेली तर गेली. मुर्रीची सुखवंता मात्र तिला सोडायची नव्हती. अंथरुणाला खिळलेली ही म्हातारी रविवारी दाराकडे कान लावून असायची, आणि तो कान देवकाबाईच्या चपलांसाठी असायचा. आता सून सांगत होती, "बुढी शनिवारपासून दिव्या दिव्या करून राहिली." सून हसली. देवकाबाई नाही हसली.

सुखवंताचा एक नेम होता. परमप्रसाद घ्यायचा त्या दिवशी पहाटेपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा. चर्चचा उपासाचा नियम कधीच तासाभरावर आला होता, पण लहानपणी सिस्टरनी शिकवलं ते तिच्या अंगात मुरलेलं. शनिवारी तांदूळ निवडता निवडता देवकाबाईला हा नेम आठवला. तिनं तो विचार झटकला. रविवारी सकाळी मात्र चुलीवर गुळाची खीर शिजत होती.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं मिस्सा बुडवली आणि मुर्री गाठली. सून बाजारात गेलेली.

"आज त लवकर आली वो देवका?"

"म्हटलं, तुले भूक लागली असन."

"परसाद यायचा हाय ना."

देवकाबाई डब्याच्या झाकणाशी खटपट करत राहिली. "आज नाही येत. तिची स्कूटी बिघडली."

सुखवंताचं तोंड एवढंसं झालं. मग गुळाचा वास आला आणि ते तोंड उघडलं. देवकाबाई चमच्यानं भरवत गेली. शेवटचा चमचा गिळून झाला आणि बाहेर हॉर्न वाजला.

दिव्या आत आली. स्टुलावर पांढरं कापड अंथरून तिनं मेणबत्ती लावली, डबी ठेवली, गुडघे टेकले. मग वळली.

"काकी, तुम्ही मिस्साला दिसल्या नाहीत. मी म्हटलं, आजीचं जास्त झालं असेल, काकी तिकडेच असतील. म्हणून फादरकडून दोन आणले. एक आजीसाठी, एक तुमच्यासाठी."

देवकाबाईनं रिकामा डबा पदराआड घेतला.

सुखवंता रडायला लागली. "माह्या पोटात खीर हाय वो पोरी. मले धीर नाही धरवला."

"आजी, आजाऱ्यांना उपास नसतो. त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नसतो. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

"असन तुमचं. देव दारात अन मी खात बसली. म्हातारपणी भुकाळली मी. नाही घेत." तिनं तोंड भिंतीकडे केलं.

दिव्यानं पुस्तक चाळलं, मिटलं. "काकी, तुम्ही सांगा ना. त्या तुमचंच ऐकतात."

हेच वाक्य दिव्याच्या तोंडून ऐकायला देवकाबाईनं महिनाभर जीव जाळला होता. आता ते आलं, तर कुठं ठेवावं कळेना. म्हातारीचे खांदे हलत होते.

"सुखवंता, इकडं पाह्य. स्कूटी नव्हती बिघडली. मले मालूम होतं दिव्या येणार हाय."

"मंग काऊन म्हणली?"

"तू हिची वाट पाहतेस म्हणून."

दिव्या मेणबत्तीकडे बघत राहिली. सुखवंता हळूहळू वळली.

"म्हणून खीर?"

"म्हणून."

"गूळ जास्त झालता," सुखवंता म्हणाली. डोळे पुसून तिनं दिव्याला खूण केली. "दे वो पोरी. पाप हिचं हाय, माह्यं नाही."

सुखवंताचं आमेन झालं. दिव्यानं डबी देवकाबाईकडे वळवली. देवकाबाई एक पाऊल मागे सरली.

"मले नाही. आधी फादरपाशी जाऊन पाप सांगा लागते."

"मग हा परत न्यावा लागेल. चला, मागे बसा. फादर चर्चमध्येच आहेत." पिशवी गळ्यात घालता घालता दिव्या थांबली. "पण रस्त्यात बोलायचं नाही हं, काकी. परमप्रसाद सोबत असला की कुणाशी बोलायचं नाही, कुठं थांबायचं नाही. त्या दिवशी तुम्ही हाक मारली, मला इतकं वाईट वाटलं."

देवकाबाई मागे बसली. या वेळी डोळे उघडे होते. पिशवीचा बंद समोर दिव्याच्या मानेवर दिसत होता, आणि तो बघून आत अजूनही काहीतरी कुरतडत होतं. फादरना हेही सांगावं लागणार.

फाट्यावर पानठेलेवाला ओरडला, "अरे वा देवकाबाई, आज स्कूटीवर!"

देवकाबाईनं नुसती मान हलवली. स्कूटी पुढे निघून गेली.