धुराड्यातला बूट

हॅझलकोटच्या हवेलीचा पूर्वेकडचा भाग १९२२ साली माझ्या बापानं बांधला. मी तेव्हा तीन वर्षांची होते. काळ्या तुळया, मधे पांढरा गिलावा, एक भिंत मुद्दाम कललेली. बघणाऱ्याला वाटावं, चारशे वर्षं उभी आहे. बाप नव्या तुळयांना साखळीनं झोडपायचा आणि वर काजळी चोळायचा. मालकांना जुनं घर हवं होतं, बापाला काम हवं होतं.

त्या मालकांचे चिरंजीव म्हणजे आमचे सर लायोनेल. तिकीट काढून आलेल्या लोकांना त्यांनी वीस वर्षं सांगितलं, की याच भागात एक राणी मुक्कामाला होती. पलंगसुद्धा दाखवायचे. तो लिलावातून आणलेला, किडका; त्याचा भुसा रोज मीच झाडते. मी हवेलीची कारभारीण. त्या पलंगाच्या वरच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहतो.

गेल्या वसंतात साहेबांना बसगाड्या लावायला जागा हवीशी झाली. पूर्वेकडचा भाग पाडायचा, आईला वृद्धाश्रमात धाडायचं आणि मला 'कुठंतरी', असं त्यांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं.

पण जुनी इमारत पाडायला परवानगी लागते. कौन्सिलच्या तपासनीस प्राउझबाई आल्या त्या साहेबांनीच पाहुण्यांसाठी छापलेली हवेलीची पुस्तिका हातात घेऊन. चारशे वर्षांची वास्तू पाडता येणार नाही म्हणाल्या. जन्मभर बिनदिक्कत थापा मारलेला माणूस आता खरं सांगत गयावया करत होता आणि बाई ढिम्म हलत नव्हत्या. शेवटी साहेबांना आठवलं, की आमच्याकडचे सुतार घर बांधून झालं की धुराड्याच्या भिंतीत एक वापरलेला बूट चिणतात, आत काही वाईट शिरू नये म्हणून. बूट काढा, काळ कळेल, असं म्हणून त्यांनी स्वतःच छिन्नी घेतली.

बापानं कुणाचा बूट टाकला ते मला ठाऊक नव्हतं, पण तो चारशे वर्षांपूर्वीचा नक्कीच नव्हता.

विटांमागून लहान मुलाचा लाल बूट निघाला. टाच झिजलेली, बटण गायब. मी पाहताक्षणी ओळखला. या बुटापायी मी मार खाल्लाय. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई सांगायची, की ही पोरगी पायातला बूट हरवून आली. आणि बाप शेजारी बसून निवांत पाइप ओढायचा, लबाड कुठला.

प्राउझबाईंनी बूट उलटसुलट केला. चामडं जुनं आहे, पण नक्की कधीचं ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मी गप्प बसले असते तर खोल्या वाचत होत्या. पण पन्नास वर्षांपूर्वीचं बापाचं काम राणीच्या नावावर खपत होतं, ते मला सहन होईना.

"तो माझा आहे," मी म्हटलं. "हे सगळं माझ्या बापानं बांधलंय."

सर लायोनेल माझ्या गळ्यात पडायचे तेवढे राहिले. "ऐकलंत ना बाई? सगळं बनावट आहे."

बाईंनी तुळईवरून बराच वेळ हात फिरवला. मग माझ्या बापाचं नाव विचारलं. विल्फ स्टिंचकोम, मी सांगितलं.

"बनावट तुळया मी ढिगानं पाहिल्यात," त्या म्हणाल्या. "पण मला फसवणारी ही पहिलीच. हिला हात लावायचा नाही, सर लायोनेल. आणि पुस्तिकेतली राणी काढून तिथं सुताराचं नाव घाला."

संध्याकाळी मी बूट आईपुढे ठेवला आणि तो कुठं सापडला ते सांगितलं. आपल्या खाटेखालचा बिस्किटांचा डबा ओढून तिनं कागदात गुंडाळलेला दुसरा बूट काढला. पॉलिश केलेला. पहिला कधीतरी सापडेल म्हणून तिनं तो इतकी वर्षं जपला होता. मला रडूच फुटलं.

आईनं दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, नीट निरखले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बटण कुठं घालवलंस?"