सेवेकऱ्याची हाक

सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडं वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. बडनेऱ्याजवळच्या सूर्यभानला तर आकाश ठेंगणं झालं. त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. एवढ्यावर थांबता तरी बरं होतं, पण त्याला सेवेकऱ्याचं पागोटं हवं होतं.

मारुतीच्या भंडाऱ्यात सेवेकरी म्हणजे वाढणारा. सगळ्यांना आपल्या हातानं रोडगे-वरण वाढायचं, शेवटी वेशीशी जाऊन तीनदा हाक मारायची, "कोनी उपाशी राह्यलं काय?" आणि मगच आपण जेवायचं. त्या हाकेवर येईल त्याला, मग तो हाडवैरी का असेना, जवळ बसवून वाढायचं आणि भांडण तिथंच मिटवायचं, अशी गावाची रीत. हे काम पिढ्यानपिढ्या सूर्यभानच्या घरातल्या थोरल्याचं, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाचं, खुशालरावांचं. पण सूर्यभाननं सगळ्या भंडाऱ्याचा खर्च उचलला आणि गावानं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. गाव तरी काय, ज्याच्या हाती ससा तो पारधी!  खुशालराव बायकोला, पार्वताबाईला घेऊन मळ्यातल्या खोपीत राहायला गेले, ते तीन वर्षं गावात फिरकले नाहीत.

पागोटं आता जरीचं झालं. वाढायला रोजानं माणसं आली. सेवेकरी पहिल्या पंगतीत व्यापाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसू लागला. हाक दोन वर्षं गडी मारत होता. यंदा तर सूर्यभाननं अमरावतीचा फ्रेंच पाद्रीही जेवायला बोलावला होता. पाहुण्यांना बैलांच्या दमणीत बसवून देण्याच्या गडबडीत हाक मारायचीच राहून गेली.

पंधरा दिवसांनी सूर्यभान कामासाठी अमरावतीला गेला, तेव्हा पाद्र्याकडे जरा टेकला.

"सूर्यभानजी, सेवेकरी म्हणजे काय हो?" पाद्र्यानं विचारलं. त्याला मराठी शब्द टिपून ठेवायची खोड होती.

"मोठा मान हाय, बाबा. पयल्या पंगतीचा." मग त्यानं जुनी रीतही सांगितली. सांगताना छाती फुगली होती, हे विशेष.

पाद्री लिहायचा थांबला. "आमच्या चर्चमध्येही हेच झालं. ग्रीकमध्ये 'दियाकोनोस' म्हणजे आधी वाढणारा, विधवांना, गरिबांना अन्न पोचवणारा. पुढे काही शतकांत त्यांच्यातला मुख्य बिशपाचा कारभारी झाला, पुरोहितांनाही भारी. मग ते पद म्हणजे पुरोहित होताना चढायची नुसती पायरी उरली. 'पापा' म्हणजे बाबा. एके काळी कुठल्याही बिशपाला लोक मायेनं म्हणायचे, नंतर ते नाव रोमच्या एकट्या पोपचं झालं. तो फर्मानात स्वतःला 'देवाच्या दासांचा दास' लिहितो, आणि बसतो सिंहासनावर. हे मी बोलू नये. पण नाव राहिलं, काम निघून गेलं."

सूर्यभान हसला. दूरदेशीच्या गोष्टीला हसायला काय जातं?

"तुमची हाक मात्र मला ऐकू आली नाही," पाद्री म्हणाला. "वेशीजवळ लिंबाखाली एक म्हातारा बसला होता. डावा पाय आखडलेला, अंगावर घोंगडी. मी निघालो तेव्हा पत्रावळी उचलत होते. तो अजून मंडपाकडेच बघत होता."

सूर्यभानचं हसू विरलं. लहानपणी त्याला उधळलेल्या बैलाखालून ओढून काढताना खुशालरावांचा तो पाय मोडला होता.

तो तसाच गावी परतला. घरी रोडगे करवून घेतले, पागोटं खुंटीला टांगलं आणि ताट घेऊन बोडक्या डोक्यानं मळ्यात गेला. खोपीसमोर उभं राहून त्यानं तीनदा हाक मारली. बैल गेला अन् झोपा केला, हे त्याचं त्यालाही कळत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

पार्वताबाई बाहेर आली. "भाऊजी, आज आले काय? त्या दिशी ताप होता त्याइले. तरी म्हने, यंदा सूर्याची हाक आयकाची हाय, लहान्या भावाशी काय वैर धरू. बसले हाकेची वाट पाहत. आता चार दिस झाले, पानीबी उतरत नाई."

सूर्यभाननं आत जाऊन भावाचं डोकं मांडीवर घेतलं. रोडगा वरणात कुस्करून घास भरवला. खुशालरावांनी डोळे उघडले, त्याला ओळखलं, तोंडही उघडलं. घास तोंडातच राहिला आणि मान मांडीवर कलंडली.